पहाऱ्याची पावती

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती पायरी पगार घेऊन अठ्ठावीस वर्षं चढले, तेव्हा माझ्या शहाणपणाचं काय ते तुम्हीच ठरवा. सत्तरच्या दशकात कोल्हापुरातल्या एका फौजदारी कोर्टात मी टायपिस्ट होते. कुठलं कोर्ट ते सांगणार नाही. जे तिथं आरोपी म्हणून येऊन गेले त्यांना कळेल, आणि ते काही बोलायचे नाहीत. इमारतीत बायका दोनच. एक मी, आणि दुसरी भिंतीवरच्या चित्रातली न्यायदेवता. तिच्या डोळ्यांवर पट्टी होती म्हणून तिचं निभावत होतं. मला सगळं दिसायचं, आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहवायचं नाही.

आमच्याकडं खून-दरोडे चालत नसत. ते वरच्या कोर्टाचं भाग्य. आमच्या वाट्याला बिनदिव्याची सायकल, रस्त्यात मोकाट सोडलेली म्हैस, मटक्याची चिठ्ठी आणि शेताच्या बांधावरून फुटलेली डोकी. त्यातली डोकी फार जड जायची. तारखेला एकटा आरोपी कधी येत नसे. दोन्हीकडची अख्खी भावकी भाकऱ्या बांधून यायची आणि गावात अर्धी राहिलेली मारामारी आमच्या व्हरांड्यात पुरी करायची. एक पोलीस असायचा. तो आरोपींना आणून सोडायचा, आणि आरडाओरडा सुरू झाला की नेमका चहाला गेलेला असायचा.

एकदा अशाच एका केसमध्ये फिर्यादीची आत्या उठली आणि तिनं पायातलं पायताण काढून आरोपीवर भिरकावलं. आरोपी खाली वाकला. पायताण थेट साहेबांच्या टेबलावरच्या दौतीवर. साहेब म्हणजे आमचे मॅजिस्ट्रेट. बारीक चणीचे, भिडस्त, पुण्याकडचे. शाईनं त्यांचा शर्ट निळा झाला. ते उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "हे काय?"

आत्या म्हणाली, "माझं पायताण हाय सायेब. तुमास्नी न्हाई मारलं, त्येला मारलंतं. द्या की हिकडं."

साहेबांनी ते मुद्देमाल म्हणून जप्त केलं. त्याचं लेबल मी टाइप केलं: पायताण, डावं, एक नग. आत्या एकच घालून घरी गेली, आणि पुढं वर्षभर दर तारखेला माझ्या टेबलाशी येऊन विचारायची, "बाई, माझं डावं सुटलं का जामिनावर?"

त्या दिवशी साहेबांनी वर पत्र लिहिलं, की कोर्टाच्या दाराशी पहारेकरी हवा. चार महिन्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं: सदर बाबीसाठी तरतूद नाही. दुसरं पत्र धाडलं, दुसरं उत्तर आलं. मजकूर तोच, सही वेगळी. साहेब दौत टेबलाच्या खणात ठेवून काम करायला लागले.

तोडगा काढला आमच्या हेडक्लार्कांनी. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. सरकारी नोकरीत केस पिकलेला माणूस, कायदा कुठं संपतो आणि रिवाज कुठं सुरू होतो हे त्यांना वासावरून कळायचं. "ज्यांच्यामुळं भीती, त्यांचाच खर्च," ते म्हणाले, आणि वनस्पती तुपाचा रिकामा डबा आणून, झाकणाला चीर पाडून आपल्या टेबलावर ठेवला. शिक्षा झालेला माणूस दंड भरायला त्यांच्याकडंच यायचा. दंड घेतला, सरकारी पावती फाडून दिली, की भाऊसाहेब चष्म्यावरून डब्याकडं बघायचे आणि एकच शब्द बोलायचे, "पहाऱ्याचं?"

कलम नाही, हुकूम नाही, जबरदस्ती तर मुळीच नाही. पण नुकती शिक्षा ऐकून आलेल्या माणसाला कोर्टातला साधा प्रश्नही हुकूमच वाटतो. चार आणे, आठ आणे पडायचे. निर्दोष सुटलेल्याला भाऊसाहेब कधी विचारत नसत. "ज्यानं काही केलंच नाही, त्याच्यापासून पहारा कशाला?" असं त्यांचं म्हणणं. साहेबांना हे ठाऊक होतं का? चांगलं ठाऊक होतं. डब्याजवळून जाताना ते छताकडं बघत जायचे.

डबा भरत आला तरी पहारेकरी काही नव्हता. तो एका सोमवारी आरोपी म्हणूनच आला. गुळाच्या बाजारात हमाली केलेला, सहा फुटांच्या वरचा, दार भरून टाकणारा माणूस. परवान्याशिवाय रस्त्यात शेंगांची पाटी मांडली म्हणून केस. साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" तो म्हणाला, "कबूल की. शेंगा हुत्याच." पाच रुपये दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. ही शिक्षा मोठी गमतीची. संध्याकाळी साहेब खुर्चीवरून उठेपर्यंत कोर्टात थांबायचं, साहेब उठले की तुम्ही सुटलात. त्या दिवशीचे बाकीचे कैदी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. हा दारात उभा राहिला.

दुपारी बांधाच्या केसमधल्या दोन भावक्या एकमेकींच्या अंगावर धावल्या, रेटारेटी करत दारापर्यंत आल्या, वर बघितलं, आणि दोन्हीकडच्यांना एकदम भाकरीची आठवण झाली. तो माणूस काही बोलला नव्हता. हललासुद्धा नव्हता. भाऊसाहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, हा माणूस उद्या परत पाहिजे."

संध्याकाळी त्यानं दंड भरला आणि भाऊसाहेबांनी सवयीनं "पहाऱ्याचं?" म्हटल्यावर आठ आणे डब्यात टाकले. म्हणजे स्वतःच्या पगाराची पहिली वर्गणी त्यानंच दिली. दुसऱ्या दिवसापासून तो आमचा पहारेकरी झाला. मी त्यांना मामा म्हणायला लागले.

महिन्याभरात मला मामांचं गुपित कळलं. माझा टाइपरायटर खिडकीशी न्यायचा होता. म्हटलं, "मामा, एवढा उचला की." त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, कुनाला बोलू नगा. माझ्यानं कळशी उचलत न्हाई. गुळाच्या ढेपा वाहून वाहून कंबर गेलीया. डाक्टर म्हनला, वाकलास तर परत उटनार न्हाईस. म्हनून हुबा असतो." मी आधी हसले. अगं बाई, ज्याला बघून भावक्या भाकरी खायला बसतात, त्याला एका पोरानं धक्का दिला तरी तो आडवा होईल! मग हसता हसताच माझ्या ध्यानात आलं. उभं राहणं एवढं एकच काम ह्या माणसाला जगात उरलं होतं, आणि ते आमच्याकडं होतं. टाइपरायटर मी स्वतःच ओढत नेला आणि कुणाला काही बोलले नाही.

माणूस मानी किती म्हणावा! कोर्टातला चहा कधी फुकट प्यायला नाही. वकील मंडळी आग्रह करायची, हे कनवटीचे पैसे काढून कपाशेजारी ठेवायचे. महिनाअखेरी भाऊसाहेब डबा उघडायचे आणि मी पैसे मोजून मामांच्या हातात द्यायचे. एकदा त्यांना ताप होता म्हणून एक दिवस आले नव्हते. मी विसरले होते, त्यांनी आठवण केली, "बाई, येक खाडा झालाय. तेवढं कापा." मी म्हटलं, "मामा, राहू द्या हो." ते म्हणाले, "मी हुबाच न्हवतो, तर पैसं कशाचं?" कापायला लावले.

पण शिक्षा होणारे लोक कोल्हापूरचे. ज्याच्या पगाराला आपण आठ आणे घातले तो आपला माणूस, अशी त्यांची सरळ समजूत. मटकेवाले मामांना पानाची चंची सांभाळायला द्यायचे. एकानं तर बायकोला निरोप सांगायला पाठवायला बघितलं. सगळ्यात पुढं होता एक टांगेवाला. बिनदिव्याचा टांगा, जादा बैठक, थांबा सोडून उभा. आठवड्याला एक केस ठरलेली. डब्यात त्याच्याइतके पैसे कुणाचेच पडले नसतील, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. दारात टांगा लावून ओरडायचा, "ओ पावणं, घोड्याकडं बगा जरा! पगार आमी देतोय न्हवं?"

मामा जागचे न हलता म्हणायचे, "दारात हुबारायचा पगार हाय. घोड्याचा न्हाई."

आणि हा टांगेवाला बाकावर बसला, की कोर्ट उठेपर्यंतच्या कैद्यांना नव्यानं आलेल्या पाहुण्यांसारखं सगळं समजावून सांगायचा: हे साहेब, ह्या बाई, यांच्या तोंडी लागू नका, आणि दारातला तो पैलवान आपला.

हे असं सुखानं चाललं होतं. मग एका वकिलानं उचलली जीभ लावली टाळ्याला. भर कोर्टात युक्तिवाद करताना म्हणाला, "माझा अशील निर्दोष आहे. पण तो सुटला तर कोर्टाचा पहारेकरी उपाशी राहतो, याला आमचा इलाज नाही." सगळे हसले. मामासुद्धा हसले. साहेब मात्र लालबुंद झाले, आणि मला वाटतं त्यांच्या मनानं ते फारच घेतलं. पुढचे दोन आठवडे त्यांनी शिक्षा म्हणून केली नाही. जरा संशय आला की निर्दोष. म्हैस निर्दोष, सायकल निर्दोष. ज्यानं स्वतःहून गुन्हा कबूल केला त्यालाही समज देऊन सोडला. डब्यात खडखडाट.

तेव्हा टांगेवाला आरोपीच्या पिंजऱ्यात हात जोडून उभा राहिला. "सायेब, मला तरी दंड करा."

साहेब म्हणाले, "टांग्याला दिवा होता का?"

"व्हता सायेब. पर इझला व्हता म्हना की."

"विझला होता का?"

टांगेवाल्यानं दाराकडं बघितलं. मामांनी मान हलवली, नको म्हणून. खोटं बोलू नको म्हणून. टांगेवाला खाली बघून म्हणाला, "न्हाई. पेटलावता."

"मग सुटलास. जा."

तो सुटला आणि रागारागानं भाऊसाहेबांच्या टेबलाशी येऊन रुपया डब्यात आपटला. "आमी काय शिक्षा झाल्याबिगर पैसं देत न्हाई व्हय? भिकारी समजलाय काय आमास्नी?" त्याचं बघून मागचे दोन निर्दोषही टाकून गेले. त्या महिन्यात मामांना थोडे कमी पडले, पण पडले. त्यांनी ते तसेच कनवटीला लावले. मी मात्र घरी जाऊन आईपुढं त्या वकिलाच्या सात पिढ्या उद्धरल्या.

आता माझा पराक्रम ऐका. वरून एक परिपत्रक आलं. कोर्टांना पहारेकऱ्यांच्या कायम जागा देण्याचा विचार चालू आहे, आणि त्या जागेवर निदान वर्षभर काम केल्याचा लेखी पुरावा ज्याच्याकडं असेल त्याला आधी घेतलं जाईल. मी ते दोनदा वाचलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. मामांना कायमची जागा! पगार, रजा, म्हातारपणी पेन्शन, आणि काम तेच, उभं राहायचं. पण लेखी पुरावा काय? एक तुपाचा डबा. आम्हा कारकुनांचा एकच धर्म: कागदावर आहे ते घडलं, कागदावर नाही ते घडलंच नाही. मग मी पदरच्या पैशानं घराजवळच्या छापखान्यातून पावतीपुस्तकं छापून आणली. वर कोर्टाचं नाव ठसठशीत. खाली 'पहारा फी', कुणाकडून, कुठल्या केसच्या शिक्षेत, किती, आणि 'पहारेकऱ्याच्या पगारासाठी'. तळाला माझी सही. कार्बन घालून दोन प्रती.

भाऊसाहेबांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "बाई, डबा मुका असतो. पावती बोलते."

मी म्हटलं, "बोलायलाच हवी. तुमच्या डब्याच्या जिवावर मामांना पेन्शन मिळणार आहे का?"

त्यांनी पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. साठीला आलेला माणूस शहाणपणाचं सांगत होता आणि मी पंचविशीची बया त्यांना शिकवत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा मला वाटलं, ह्या कोर्टात एक काम नीट करणारी मीच आहे.

पावत्या सुरू झाल्या आणि लोक खूश. दंडाची पावती लपवायचे, पहाऱ्याची खिशाला दिसेल अशी ठेवायचे. टांगेवाल्यानं तर एक टांग्याच्या आतल्या बाजूला खळीनं चिकटवली. वर्ष असं गेलं, आणि पत्र आलं, जागा मंजूर. साहेबांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा मामा दारातच उभे होते. त्यांनी दोन्ही हातांनी चौकट धरली. दुसऱ्या दिवशी पावशेर पेढे आणले आणि आतापर्यंत ज्यांच्याकडून काही घेतलं नव्हतं त्या सगळ्यांना वाटले. शिंप्याकडून खाकी शर्ट शिवून आणला. मी म्हटलं, "मामा, अजून सही व्हायचीय." ते म्हणाले, "घालून बगतोय हो नुसता." मी वर्षभराच्या कामाचा दाखला टाइप करून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब पुतणीच्या लग्नाला गेलेले. सोमवारी येऊन सही करणार होते.

शनिवारी दारात सरकारी जीप उभी राहिली.

झालं होतं असं. टांगेवाल्याला टांग्याचा परवाना नव्यानं काढायचा होता. चांगल्या वागणुकीचा पुरावा मागितला, तर ह्या शहाण्यानं आमच्या पहारा फीच्या पंधरा पावत्या टाचणी लावून अर्जाला जोडल्या. म्हणजे केसेस झाल्या खऱ्या, पण बघा, प्रत्येक वेळी पहाऱ्याचंही भरलंय! त्या कचेरीनं त्या पावत्या वर पाठवल्या, ही असली फी कुठल्या कायद्यात आहे म्हणून. आणि त्याचा तपास करायला जीपमधून एक अधिकारी आले होते.

अधिकारी कोरडा माणूस, पण वाईट नव्हता. पंधरा पावत्या माझ्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडून त्यांनी विचारलं, "सही कुणाची?"

"माझी."

"शिक्षा झालेल्यांकडून पैसे घ्यायचे, हे कुठल्या कायद्यानं?"

मी साहेबांच्या खुर्चीकडं बघितलं, मग भाऊसाहेबांच्या टेबलाकडं. साहेब पुण्याला. भाऊसाहेबांना निवृत्तीला दोन महिने राहिलेले. जीप बघताच त्यांच्या पोटात कळ आली आणि ते घरी गेले. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता. आता येत नाही. खोटं कशाला बोलू, अजून येतो.

अधिकारी म्हणाले, "बाई, नीट ऐका. कोर्टानं पहारेकरी ठेवला आणि त्याच्या पगारासाठी शिक्षा झालेल्यांकडून वसुली केली असेल, तर तुमची नोकरी जाईल. खटलाही होईल. पण पहारेकरी असा कुणी नसेलच, आणि येणारे-जाणारे एखाद्या गरिबाला राजीखुशीनं काही देत असतील, तर ही पावती म्हणजे तुमचा अडाणीपणा. ताकीद देऊन मी फाइल बंद करीन. खरं काय ते सांगा."

घरी वडील निवृत्त, पाठच्या दोन बहिणी शिकत होत्या, चूल माझ्या पगारावर. मी खरं सांगणार होते की खोटं, हे मला आजही सांगता येत नाही. कारण दार उघडं होतं, आणि दारात मामा होते.

मी बघितलं तर ते खाकी शर्टाची बटणं काढत होते. शर्ट काढला, घडी घातली, पिशवीत ठेवला. पिशवी खिडकीत ठेवली, वाकायला नको म्हणून. आणि फाटक्या बनियनवर आत आले.

"तुम्ही कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कुनी न्हाई सायेब."

"रोज ह्या दारात उभे असता म्हणे."

"कंबर गेलीया. बसवत न्हाई. हितं सावली हाय."

"पगार कोण देतं तुम्हाला?"

"पगार कशाचा, सायेब? मी भीक मागतो. लोकं डब्यात टाकत्यात. ह्या बाई भल्या हायत, माझं पैसं कुनी उचलू नये म्हनून लिवून ठेवत्यात."

मी उठले. "मामा!" एवढंच बोलले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

अधिकाऱ्यांनी सुस्कारा टाकला. "जबाब टाइप करा," मला म्हणाले, आणि हात-पाय धुवायला मागं गेले. मी कागद घातला. ज्या हातांनी दोन दिवसांपूर्वी दाखला टाइप केला होता त्याच हातांनी मी मामांचा जबाब टाइप केला. डोळे भरून अक्षरं दिसत नव्हती, पण बोटांना सवय होती. झाल्यावर मामा म्हणाले, "वाचून दावा."

मी वाचलं. मी लिहिलं होतं की, मी अपंग असून कोर्टात येणारे लोक मला मदत करतात.

"मदत न्हाई, बाई. भीक लिवा."

"मामा, मी नाही लिहिणार."

"मदत म्हटलं की सायेब इचारनार, कशाबद्दल? भिकेला कुनी इचारत न्हाई. लिवा."

मी कागद फाडला आणि दुसरा घातला. त्यांनी अंगठा उठवला. अधिकाऱ्यांनी वाचलं, आणि खाली आपल्या पेनानं एक ओळ घातली, की सदर इसम पुन्हा कोर्टाच्या आवारात दिसू नये. भीक मागणं हाही गुन्हाच, पण त्याची केस मी करत नाही, असं म्हणाले. खरंच वाईट माणूस नव्हता. जीप गेली.

मामांचा तो दाखला मीच फाडला. आता त्याचा उपयोग कुणाला? त्या जागेवर पुढं दुसरा माणूस आला.

मग मला आठवलं की महिना संपायला तीनच दिवस होते. मी डबा फोडला, होतं तेवढं पदरात घेतलं आणि पायऱ्या उतरून धावले. मामा फाटकापर्यंत पोचले होते. म्हटलं, "मामा, ह्या महिन्याचे. सत्तावीस तारखेपर्यंत उभे राहिलात तुम्ही. एक खाडा नाही."

त्यांनी पैशांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून हसले, अगदी पोरीला समजावावं तसं. "कालपतोर पगार हुता बाई, हक्कानं घेतला. आज घेतला तर त्यो कागद खरा हुतोय की."

मी हातापाया पडले. तिथं रस्त्यात, वकील बघत होते, तरी पडले. त्यांनी नाही घेतले. "जावा आत, साडंपाच वाजायचं हायत अजून," म्हणाले, आणि पिशवी छातीशी धरून, ताठ, सावकाश चालत गेले.

माझी नोकरी राहिली. तिची पेन्शन दर महिन्याला येते, आणि घेताना मी सही करते.